जिनिंगच्या क्लबातली सनई

मी डीजे आहे असं सांगतलं की लोक पहिले माह्या डोक्याकडे पाहतात, मंग पोटाकडे. दोन्ही ठिकाणी डीजेले शोभेल असं काही नाही. तरी सांगतो, दिग्रसच्या एका जिनिंगच्या क्लबात मी, धम्मरत्न, वय वर्षे एक्कावन्न, डीजे आहे. खोटं वाटत असन तर विमलताईले विचारा. विमलताई आमच्या शेजारी राहतात, रिटायर हेडमास्तरीण आहेत आणि कधी खोटं बोलत नाहीत. खरं बोलूनबोलूनच त्यायनं अर्ध्या गल्लीशी बोलणं तोडलं आहे.

माह्यं मूळ काम ग्रेडरचं. कापसाची गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालाचा, मधातला कापूस काढाचा, चिमटीत धरून ओढाचा आणि सांगाचं, धागा केवढा, ओल किती, कवडी म्हणजे किडका-पिवळा कापूस किती. अठ्ठावीस वर्षं हेच केलं. माह्या चिमटीवर गाड्या पास झाल्या आणि माह्याच चिमटीवर परत गेल्या. पण मधल्या सालांत कापसाचं पार बिनसलं. भाव पडले, लोकायनं कापूस घरातच रचून ठेवला, आणि २००६ च्या हंगामात आमच्या जिनिंगच्या आठ मशिनीतल्या सहा बंद होत्या. राह्यलेल्या दोन मालक निव्वळ गंजू नये म्हणून चालवत होते. ग्रेडर गंजत नाही, पण घरी बसला की बायको त्याले निवडाले मेथी देते.

अशात आमचे मालक सदाशिवराव पुण्याले पोरीकडे जाऊन आले. आल्याआल्या मले बोलावलं. जिनिंगच्या आवारात एक जुना क्लब आहे. क्लब म्हणजे लांब हॉल, वर पत्रे, मधात पाय तुटलेला टेबल टेनिसचा टेबल.

"धम्मरत्न, इथं डीजे लावू," मालक म्हणाले. "दर शनिवारी संध्याकाळी. फॅमिलीनं यावं, नाचावं, नाश्ता करावा, घरी जावं."

"मालक, दिग्रसले कोण नाचन?"

"पुण्याले नाचतात ते काय वेगळे हात-पाय घेऊन आले काय? तुमच्याजवळ दीडशे कॅसेटी आहेत ना? मले माल ओळखणारा माणूस पाहिजे."

माल ओळखणारा म्हणलं की मी संपलो. मालकायले हे ठाऊक होतं. त्यायनं अटही सांगतली, "तीन शनिवार पाहू. हॉल भरला त क्लब राहीन आणि तुम्ही त्याचे पक्के डीजे. नाही भरला त खताचं गोदाम करतो. एक जण विचारूनच राह्यला."

म्हणजे तीन शनिवारांत मी एक तर डीजे होणार होतो, नाही तर मेथी निवडणारा. पण खरं सांगतो, मले नोकरीपेक्षा एक दुसरंच पाहिजे होतं. माह्याजवळ सनईची एक कॅसेट आहे. वादक कोण ते सांगत नाही, सांगतलं की लोक वाद घालतात. एक बाजू बावीस मिनिटांची. पहिली नऊ मिनिटं संथ, म्हणजे इतकी संथ की माणसाले वाटते मशीन बंद पडली, आणि मंग हळूहळू पळते. एकवीस वर्षं झाली, मी रोज संध्याकाळी ती घरी लावतो. पण घरी लावणं वेगळं. एकदा तरी भरल्या हॉलात, चार लोकायसमोर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजावी, इतकीच माह्यी इच्छा होती. कापसातला चांगला धागा एकट्यानं पाहून मन भरत नाही. दुसऱ्याच्या हातात देऊन "पाहा" म्हणावं लागते.

विमलताईले सांगतलं तर त्या म्हणाल्या, "भावगीतं लावा. बाकी सगळं उथळ आहे." समोरच्या बँकवाल्यानं गझल लावाले सांगतलं. दूधवाला म्हणे, "भाऊ, नागीण लावजा, बाकी कायले डोकं खपवता." सत्यशीला, म्हणजे माह्यी बायको, मेथी निवडता निवडता एवढंच म्हणाली, "सनई लावू नका म्हंजे झालं." एकवीस वर्षांत ती माह्या कॅसेटीबद्दल याच्यापेक्षा जास्त काही बोलली नव्हती. मले लागलं ते.

मंग परवानगी. ज्या हापिसात परवानगी मिळते त्याचं नाव घेत नाही, मले अजून दिग्रसमध्येच राहाचं आहे. तिथल्या फारमात चारच खाने होते: लग्न, प्रचारसभा, धार्मिक, इतर. 'इतर'वर मी खूण केली तर बाबू म्हणे, इतरची मंजुरी यवतमाळवरून येते, दोन महिने लागतात. मी म्हणलं, डीजे कशात बसते? तो म्हणे, डीजे लग्नातच असते ना, लग्न लिहा. मी लिहिलं. तर खाली वर आणि वधू असे दोन खाने निघाले.

"नाव टाका कोणाचंही," बाबू म्हणे, "पण माणसं खरी पाहिजेत. चौकशीले कोणी आलं त वर-वधू जागेवर दिसले पाहिजेत."

मी वर म्हणून माह्यं आणि वधू म्हणून सत्यशीलाचं नाव टाकलं. अशा रीतीनं सरकारी कागदावर माह्यं माह्याच बायकोशी दर शनिवारी साडेपाच ते आठ लग्न लागू लागलं, आणि तिले प्रत्येक शनिवारी हॉलात हजर राहाणं भाग पडलं. ती आली. कोपऱ्यात खुर्ची टाकून, पर्स मांडीवर घेऊन, दवाखान्यात नंबर लावल्यावानी बसली.

पहिला शनिवार. भाड्याचा कॉम्प्युटर, स्पीकरचे दोन मोठे डबे, पन्नास-साठ माणसं. मी विचार केला, सुरुवात शुभ पाहिजे, आणि सनई लावली. दीड मिनिट झालं असन. पाहतो तर सगळे लोक उठले, नळावर जाऊन हात धुतले आणि भिंतीशी लाइनीत उभे राह्यले. आपल्याकडे सनई वाजली म्हणजे पंगत बसणार, हे माह्या ध्यानातच आलं नव्हतं. कोणीतरी विचारलं, "बफे आहे की पत्रावळी?" नाश्त्याले तर नुसता चिवडा होता. मालकायनं मले लांबूनच हातानं खूण केली आणि मी सनई बंद केली.

मंग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. एक जण आला, गझल म्हणे. दुसरा रिमिक्स म्हणे. चार बाया गरब्यावर अडून बसल्या. आमच्या वस्तीतली पोरं भीमगीत मागत होती, बंजारा तांड्यावरून आलेल्या बाया गोरबोलीतलं होळीचं लेंगी गाणं मागत होत्या, आणि विमलताई मधात उभ्या राहून "शब्द ऐकू आले पाहिजेत" एवढं एकच सांगत होत्या. एकाचं गाणं लावलं की बाकीचे खाली बसत. हॉलात एका टायमाले कधीच सातच्या वर माणसं नाचली नाहीत. मी मोजली, दुसरं काम नव्हतं.

आठवडाभर मी विचार केला. ग्रेडर माणूस, न्यायानं वागणारा. शेवटी मले वाटलं, याच्यात नवीन काय आहे? मार्केट यार्डात शंभर गाड्या एकदम येतात, तिथं काय मारामारी होते? टोकन असते. जो पहिले आला त्याचा माल पहिले. मी जिनिंगच्या कपाटातून पितळेचे जुने बिल्ले काढले, एक ते साठ, घासूनपुसून चकचकीत केले, आणि दुसऱ्या शनिवारी दारातच वाटले. एका माणसाले एक बिल्ला, एका बिल्ल्याले एक गाणं, नंबराप्रमाणं. मीही लाइनीत उभा राह्यलो आणि सनईसाठी आपला नंबर घेतला. एकतीस. डीजे असलो म्हणून मधात घुसलो नाही. हे मी आजही अभिमानानं सांगतो, कोणी विचारत नाही तरी.

न्याय झाला, पण नाच झाला नाही. नंबर चार लावणी, नंबर पाच भजन, नंबर सहा रिमिक्स, नंबर सात अंगाई. अंगाई एका डॉक्टरीणबाईची होती, लेकरू झोपत नव्हतं. लेकरू झोपलं आणि नंबर आठच्या गरब्यानं उठलं. नंबर बाराचं गाणं आलं, ते ऐकून मी सवयीनं म्हणून टाकलं, "ओल जास्त आहे, चालणार नाही," आणि नापास केलं. गाणं असं रडकं होतं की खरंच पिळलं असतं तर पाणी निघालं असतं. पण ज्याचं गाणं होतं तो हॉलच्या दारातच मांडी घालून बसला. म्हणे, "यार्डात बी तुम्ही माही गाडी परत पाठोली होती. आता गाणं बी परत पाठोता?" त्याच्याजवळ अजून पाच जण येऊन बसले. त्यायच्यातल्या तिघायचा कापूस मी कधीतरी परत पाठोला होता. माह्या अठ्ठावीस वर्षांच्या इमानदारीचे हिशेब लोक गाण्याच्या दारात मागतील असं कधी वाटलं नव्हतं. शेवटी मी त्याचं गाणं लावलं, दोनदा लावलं, तवा ते उठले.

आणि नंबर एकोणतीस चालू असताना लाइन गेली. लोडशेडिंग. सात वाजून दहा मिनिटं. माह्यं एकतीस राहून गेलं.

तिसऱ्या शनिवारी मी पाच वाजता पोचलो तर आवारात दोनशे माणसं. माह्यी छाती भरून आली. मालक गेटवरच भेटले, तेही खुश. म्हणलं, जमलं. पण हॉलात जाऊन पाहतो तर आत सत्यशीला आणि तिची पर्स, बाकी कोणी नाही.

बाहेर बाजार भरला होता. मागच्या शनिवारी लाइन गेली तसे लोक बिल्ले घेऊनच घरी गेले होते. आमच्या यार्डातले हरिसिंग अडते, म्हणजे दलाल, माणूस मोठा गोड, साठातले बावीस बिल्ले एकट्यानं गोळा करून लिंबाखाली बसले होते. पहिल्या दहातला नंबर पाहिजे असन तर हरिसिंगकडे या. खांद्यावरचा रुमाल समोरच्याच्या हातावर टाकत, रुमालाखाली बोटं धरत आणि गुपचूप सौदा ठरवत, जसा बैलाचा ठरवतात तसा. पैशाची गोष्टच नव्हती. नंबर तीन गेला रविवारी पुसदले जीपनं सोडून देण्यावर. नंबर आठ गेला गॅसच्या सिलिंडरच्या लाइनीतल्या जागेवर. बँकवाल्यानं गझलीले पुढचा नंबर घ्याले आपला पंधरा नंबर आणि वर घरच्या चार पपया दिल्या. एकानं तर कोणतंच गाणं सांगतलं नव्हतं, तो म्हणे, "मी नंबर धरून ठेवला, भाव आला की काढीन."

"हरिसिंगभाऊ, हे काय करून राह्यले तुम्ही?" मी म्हणलं.

"काहून? तुमीच त टोकन काढलं," ते म्हणाले, आणि खरंच मनापासून म्हणाले. "भाऊ, दोन सालापासून यार्डात माल नाही. लोकायले सौद्याची सवय. हात शिवशिवतात."

माह्येही शिवशिवत होते.

मालक तवर हॉलात जाऊन आले होते. चेहरा उतरला होता. "धम्मरत्न, मी क्लब काढला होता. हे मार्केट यार्ड झालं. बाहेर दोनशे आणि आत तुमची बायको. गोदामवाल्याले सोमवारी बोलावतो."

मी कसंबसं सगळ्यायले आत घातलं. पितळी बिल्ले गोळा करून पोत्यात टाकले आणि म्हणलं, आजपासून टोकन बंद. झालं, ज्यानं जीप देऊ केली तो म्हणे माह्यी जीप वाया गेली, बँकवाला म्हणे माह्या पपया. सगळे एकदम ओरडू लागले. मी कॉम्प्युटरवर जे हाताले लागन ते गाणं लावाले बटण दाबलं, आणि लाइन गेली. आज सहालाच. अंधार नव्हता पडला, खिडक्यातून उजेड होता, पण आवाज सगळा बंद. लोक उठले. चपला शोधू लागले.

अठ्ठावीस वर्षांचा ग्रेडर, तीन शनिवारांत गोदाम झाला.

तेवढ्यात देवीलाल आला. देवीलाल म्हणजे जिनिंगचा फिटर, तांड्यावरचा, बंद मशिनीसोबत बोलत बसणारा माणूस. तो म्हणे, "साहेब, प्रचाराच्या ऑटोवरची मशीन पडली आहे स्टोरात. मालकाच्या जीपच्या बॅटरीवर चालन. पण कॉम्प्युटर चालणार नाही. कॅसेटच चालते तिच्यावर."

कॅसेट माह्या शर्टाच्या खिशात होती. तीनही शनिवार होती.

देवीलालनं तारा जोडल्या. लोकायच्या फर्माइशी सगळ्या कॉम्प्युटरात अडकल्या होत्या. सनई ऐका, नाही तर घरी जा, दोनच रस्ते होते. मी कॅसेट घातली.

पहिल्या मिनिटाले चार जण हात धुवाले गेले आणि नळाले पाणी नाही म्हणून परत आले. तिसऱ्या मिनिटाले कोणीतरी विचारलं, "बॅटरी उतरली काय?" पाचव्या मिनिटाले विमलताई स्पष्टच म्हणाल्या, "याच्यात शब्द नाहीत." सहाव्याले दाराकडून लोक निघू लागले. मालकायनं घड्याळ पाह्यलं. मी मशिनीकडे पाहत उभा होतो, लोकायकडे पाहण्याची हिंमत नव्हती. इतकी साजरी सनई आणि ती लोकायच्या अंगावर नुसती सांडून राह्यली होती. मले रडू येत होतं, हे लपवत नाही.

आणि कोपऱ्यातली खुर्ची वाजली. सत्यशीला उठली. पर्स तिनं विमलताईच्या मांडीवर ठेवली, साडीचा पदर कमरेले खोचला आणि हॉलच्या मधात येऊन उभी राह्यली. दाराशी गेलेले लोक थांबले. वधू उठली म्हटल्यावर थांबणारच.

"थांबा ना जराशे," ती म्हणाली. "आता पळते हे. आणखी एक डाव खाली जाते, तिथं श्वास घेते, मंग पळते."

सनई खाली गेली. श्वास घेतला. आणि पळाली.

सत्यशीलानं हरिसिंगच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, त्याचं एक टोक दातात धरलं, दुसरं हातात, आणि नागीण केली. अहो, काय केली. सनई जिथं वळत होती तिथं ती वळत होती, सनई थांबायच्या आधी थांबत होती. एका जागी वादक सगळ्यायले फसवतो, संपलं असं दाखवतो आणि परत उचलतो. हॉलातल्या सगळ्यायनं तिथं टाळ्या वाजवल्या. सत्यशीला तिथं फसली नाही. ती वाकूनच राह्यली आणि बरोबर उचलीवर फणा काढला. मंग देवीलाल जमिनीवर लोळला. मंग बँकवाला. मंग जो ओल जास्तवाला होता तो. तांड्यावरच्या बाया, वस्तीतली पोरं, गरब्यावाल्या, सगळे. मालक टेबलाचा तुटका पाय पुंगीवानी तोंडाशी धरून गारुडी झाले. विमलताई पर्स सांभाळत बसून होत्या, पण त्यायचा पाय हलत होता, मी पाह्यला.

मी तिच्याजवळ गेलो. म्हणलं, "तुले त हे आवडत नाही ना? सनई लावू नका म्हणली होतीस."

तिनं दातातला रुमाल काढला. धाप लागली होती. "एकवीस वर्षं पोळ्या लाटताना ऐकून राह्यली मी हे," ती म्हणाली. "रोज. तुम्ही डोळे मिटून बसता. मले कधी विचारलं, तुले कसं वाटते? मले वाटलं, इथं लोक हसतीन तुम्हाले. म्हणून लावू नका म्हणलं."

दुसऱ्याच्या हातात द्यावं लागते म्हणून मी गावभर माणसं शोधत होतो, आणि ऐकणारं माणूस घरात पोळ्या लाटत होतं. मले माह्यी लाज वाटली. तिनं रुमालाचं दुसरं टोक माह्या हातात दिलं. मी नाचलो. पोटाचं एक बटण गेलं. बावीस मिनिटं पूर्ण वाजली कॅसेट, भरल्या हॉलात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माह्यी इच्छा अशी पूर्ण होईन असं वाटलं नव्हतं. मी मनातल्या मनात वादकाची माफी मागितली आणि परत लोळलो.

सोमवारी गोदामवाला आला आणि चहा पिऊन परत गेला. क्लब राह्यला. मी पक्का डीजे झालो.

पुढच्या शनिवारी लोक आले ते घरूनच रुमाल घेऊन. एकच मागणं: सनई. पण एक अडचण निघाली. लोक म्हणाले, तो पहिला संथ भाग काढून टाका, सरळ पळते तिथून लावा. मालकही म्हणाले, "काढा ना, नऊ मिनिटं कायले लोकायले ताटकळत ठेवता?" मी नाही म्हणलं. अठ्ठावीस वर्षांत मी मालकायले पहिल्यांदा नाही म्हणलं. गाणी तुमचीच लावीन, म्हणलं, लेंगी लावीन, भीमगीत लावीन, रिमिक्स लावीन, नापास एकही करणार नाही. पण सनई वाजन त पहिल्यापासून वाजन. मंजूर असन त राहा.

मंजूर झालं, काहून की संथ भागात थांबावंच लागते. पळणं नेमकं कवा चालू होणार हे सत्यशीला आणि मी सोडून कोणाले ठाऊक नाही आणि आम्ही सांगत नाही. ज्याचा पहिला झटका चुकला त्याच्यावर हॉल हसते. म्हणून आता दर शनिवारी साडेपाचले सनई चालू होते आणि दीडशे माणसं हॉलात जागच्या जागी, वाकून, कान टवकारून उभी राहतात. डॉक्टरीणबाई, हरिसिंग, मालक, सगळे. मागच्या शनिवारपासून विमलताईही. नऊ मिनिटं एक माणूस हलत नाही. हे लोक काही सनई ऐकत नाहीत, वाट पाहून राह्यले असतात, हे मले चांगलं कळते. पण त्यायले वाट पाहाची असन त ऐकावंच लागते, एकेक सूर, चिमटीत धरून. आणि दातात रुमाल असल्यामुळे कोणाले बोलताही येत नाही.